देवळातून बाहेर पडताना

10 नोव्हेंबर 2025 च्या संध्याकाळी लाल किल्ला मेट्रो स्थानकाजवळ एका गाडीत स्फोट झाला आणि रस्त्यावरची माणसं मेली. त्या जागेसमोरच चांदणी चौकाचं तोंड आहे. तिथे गौरीशंकर मंदिर आणि दिगंबर जैन लाल मंदिर, जरा आत शीशगंज गुरुद्वारा, रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला फतेहपुरी मशीद आणि दक्षिणेला जामा मशीद. त्या दिवसानंतर दिल्लीतल्या देवळा-मशिदींच्या कारभाऱ्यांपुढे एकच प्रश्न होता. रोज हजारो माणसं येतात, त्यांना सांभाळायचं कसं?

दिल्लीतल्या मराठी मंडळींत या प्रश्नावर जे दोन पक्ष पडतात, ते इथे मामा आणि भाचीच्या तोंडून मांडतो. पात्रं मी रचलेली आहेत, वाद रचलेला नाही. मामा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलातून निवृत्त झालेले. शेवटची वर्षं दिल्ली मेट्रोच्या तपासणीवर होते, घर द्वारकेत. भाची इमारतींच्या अग्निसुरक्षेचं काम करणारी अभियंता, नोकरी नोएडात. दोघांचं मूळ गाव वाई तालुक्यातलं.

मामा : काय करायचं यात गूढ काही नाही. आत यायची वाट एकच ठेवायची. तिथे मेटल डिटेक्टर, पिशव्यांची तपासणी, बायकांसाठी आडोसा आणि महिला कर्मचारी. गाड्या दारापासून लांब. आणि कॅमेऱ्याच्या पडद्यापुढे जागा असलेला माणूस. कॅमेरे सगळीकडे असतात, बघणारा कुठेच नसतो.

भाची : शेवटचं पटलं. पण वाट एकच ठेवायची, इथेच माझी हरकत आहे.

मामा : पाच दारं उघडी ठेवलीस तर पाच ठिकाणी माणसं उभी करायला हवीत. आणणार कुठून? अक्षरधाम बघ. मोबाइल नाही, कॅमेरा नाही, बॅग नाही. सगळं बाहेर जमा करायचं आणि मग आत. लोक कुरकुरत नाहीत. कारण त्यांना ठाऊक आहे, की 24 सप्टेंबर 2002 ला गांधीनगरच्या अक्षरधामात दोन बंदूकधारी शिरले होते आणि तिसाहून जास्त माणसं मेली होती. राष्ट्रीय सुरक्षा दलाचे कमांडो दिल्लीहून जावे लागले. ज्या संस्थेनं ते सोसलं, तिनं दिल्लीत 2005 साली मंदिर उघडताना तपासणीत कसर ठेवली नाही.

भाची : दिल्लीचं अक्षरधाम यमुनेकाठी मोकळ्या जमिनीवर नव्यानं बांधलेलं आहे, मामा. वाहनतळ, सामान ठेवायची जागा, रांगेची वाट, सगळं आधी कागदावर आलं, मग दगड आले. कालकाजी मंदिराला किंवा निजामुद्दीनच्या दर्ग्याला हे कसं लावणार? तिथे वस्ती आणि देवस्थान एकमेकांत गुंतलेलं आहे. आणि गांधीनगरचं नाव काढलंत म्हणून आठवण करून देते. त्या खटल्यात ज्या सहा जणांना शिक्षा झाली, तिघांना तर फाशीची, ते सगळे मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निर्दोष ठरवले आणि तपासावर कडक ताशेरे ओढले. भीतीच्या भरात संशय कुणावर जाऊन बसेल, याचाही विचार करावा लागतो.

मामा : तपास चुकला म्हणून हल्ला खोटा ठरत नाही. 14 एप्रिल 2006, शुक्रवार. जामा मशिदीच्या आवारात दोन स्फोट झाले, नमाजाला आलेली माणसं जखमी झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये काशीचं संकटमोचन, सप्टेंबरमध्ये मालेगाव. पुढच्या वर्षी हैदराबादची मक्का मशीद आणि अजमेरचा दर्गा. सप्टेंबर 2010 मध्ये जामा मशिदीच्या दाराबाहेर परदेशी पाहुण्यांवर गोळीबार. आपल्याकडे प्रार्थनेला आलेल्या माणसाला मारणं फार सोपं आहे. तो बेसावध असतो, ठरलेल्या वेळी येतो आणि पाठमोरा बसतो.

भाची : हे मी नाकारत नाही. पण 2024 आणि 2025 मधली दिल्लीची यादी मीही सांगते. 27 जानेवारी 2024 ची रात्र, कालकाजी मंदिराच्या आवारात जागरण. गायक आले तसे लोक मंचावर चढले, मंच कोसळला. एक बाई गेली, सतरा जण जखमी. कार्यक्रमाला परवानगी नव्हती, असं पोलिसांनीच सांगितलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, नवरात्राच्या पहिल्या रात्री, तिथेच दर्शनाच्या रांगेतल्या लोखंडी कठड्यात वीज उतरली आणि नववीतला एक मुलगा गेला. 15 फेब्रुवारी 2025, नवी दिल्ली रेल्वे स्थानक. कुंभाला निघालेल्या माणसांची चेंगराचेंगरी, अठरा मृत्यू. 15 ऑगस्ट 2025, हुमायूँच्या मकबऱ्याजवळचा पत्ते शाह दर्गा. बाहेर पाऊस, माणसं आत एका खोलीत. छत आणि भिंत कोसळून सहा जण गेले. यात एकाही ठिकाणी बाहेरचा शत्रू नव्हता. मेटल डिटेक्टरनं यातला एकही माणूस वाचला नसता.

मामा : स्थानक म्हणजे देऊळ नव्हे.

भाची : यात्रा घराच्या उंबऱ्यापासून सुरू होते आणि उंबऱ्यापाशी संपते. वाटेतला जिना, फलाट, पूल हे सगळं तीर्थक्षेत्राचाच भाग धरायला हवं. रेल्वेनं त्या रात्रीनंतर अजमेरी गेटच्या बाजूला प्रवाशांना थांबवून ठेवायला वेगळी जागा बांधली. म्हणजे माणसांना फलाटावर सोडण्याआधी कुठेतरी थांबवायला हवं होतं, हे तिनंच मानलं.

इथे मला मध्येच बोलावंसं वाटतं. 1954 ते 2012 या काळातल्या भारतातल्या चेंगराचेंगऱ्यांचा एक अभ्यास झाला होता. त्यातल्या 79 टक्के घटना धार्मिक मेळे आणि यात्रांतल्या निघाल्या. हा आकडा आपल्या देवस्थानांच्या सभांमध्ये वाचला जात नाही. सभेत कळसाचा खर्च येतो, उत्सवाचा येतो आणि हल्ली कॅमेऱ्यांचाही येतो. बाहेर पडायच्या वाटेचा खर्च येत नाही, कारण तिला देणगीदार मिळत नाही.

मामा : चेंगराचेंगरी लोकांच्या बेशिस्तीनं होते.

भाची : नाही, मामा. हे सगळे म्हणतात आणि ते चूक आहे. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहा माणसं दाटली की कुणीच स्वतःच्या मर्जीनं हलत नाही. गर्दी लाटेसारखी सरकते. मागच्याला पुढचं दिसत नाही, त्याला वाटतं रांग सुरू झाली, तो रेटतो. पुढच्याला जायला जागा नसते. माणसं पायाखाली तुडवून मरतात असं आपण समजतो, पण पुष्कळ जण उभ्या उभ्या मरतात. छाती दाबली जाते, श्वास घेता येत नाही. यात शिस्तीचा माणूसही मरतो, लहान मूल आधी मरतं. आणि मांढरदेवीचं मी तुम्हाला काय सांगू?

मामा : नको सांगूस. 25 जानेवारी 2005, शाकंभरी पौर्णिमा. आपल्या गावातल्या घरांना सुतक होतं.

भाची : तरी सांगते, कारण दिल्लीतल्या प्रत्येक देवळात मला तीच वाट दिसते. डोंगरावर काळूबाई. वर जायची वाट अरुंद, दोन्ही बाजूंना नारळ-हळदकुंकवाची दुकानं. पायऱ्यांवर फुटलेल्या नारळांचं पाणी, घसरण झालेली. वरून उतरणारे आणि खालून चढणारे एकाच वाटेवर. माणसं घसरली, मागचे त्यांच्यावर पडले, मग दुकानांना आग लागली, गॅसच्या टाक्या फुटल्या. जवळजवळ तीनशे माणसं. कोचर आयोग नेमला गेला, अहवाल आला. आता कालकाजीला नवरात्रात जा, नाही तर लोधी रोडच्या साईमंदिराबाहेर गुरुवारी संध्याकाळी उभे राहा. दुकानं कुठे आहेत, चपला कुठे पडल्या आहेत, येणारे-जाणारे कुठे समोरासमोर येतात, एवढंच बघा.

मामा थोडा वेळ गप्प राहिले. पण मामांचा मुद्दा संपलेला नाही, आणि तो संपवून टाकण्यासारखा नाहीही.

मामा : मग हुमायूँ रोडवर चल. खान मार्केटजवळ ज्यूंचं जुदाह हयाम प्रार्थनाघर आहे, 1956 सालचं. इतकी वर्षं तिथली धुरा वाहणारे एझिकेल आयझॅक मालेकर बेने इस्रायली, पुण्याकडचे, आपली भाषा बोलणारे. दिल्लीत त्यांची घरं बोटांवर मोजण्याइतकी. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात मुंबईत नरिमन हाउसमध्ये ज्यू धर्मगुरू आणि त्यांच्या पत्नीला मारलं. त्या हल्ल्यासाठी जागा हेरणाऱ्या हेडलीनं दिल्लीच्या पहाडगंजमधल्या छबाड हाउसचीही टेहळणी केली होती. फेब्रुवारी 2012 मध्ये तेव्हाच्या औरंगजेब रोडवर इस्रायली दूतावासाच्या गाडीला बॉम्ब चिकटवला. त्या मूठभर माणसांना तू सांगणार, की तुम्हाला धोका वायरचा आहे, बंदुकीचा नाही?

भाची : नाही सांगणार. तिथे पोलीस हवेच. माझं म्हणणं एवढंच, की प्रत्येक जागेचा धोका निराळा आहे आणि आपण सगळीकडे एकच उपाय चिकटवतो. हुमायूँ रोडला हल्ल्याचा धोका मोठा आणि गर्दीचा जवळपास नाही. कालकाजीला गर्दीचा, विजेचा, आगीचा. निजामुद्दीन परिसरातल्या जुन्या वास्तूंना छताचा. दिलशाद गार्डनचं सेंट सेबॅस्टियन चर्च डिसेंबर 2014 मध्ये जळालं, तेव्हा आत कुणी नव्हतं. दोन महिन्यांनी वसंत कुंजच्या चर्चमध्ये नासधूस झाली तीही रात्री. तिथला प्रश्न रिकाम्या वेळेचा होता, रात्री राखण कोण करतं याचा. आधी धोका ओळखा, मग पैसे खर्च करा.

मामा : हे म्हणालीस ते आमच्या प्रशिक्षणात पहिल्या दिवशी शिकवतात.

भाची : मग देवळांना कुणी शिकवलं? आणि अजून एक सांगते. 15 जानेवारी 2022, अमेरिकेत टेक्सासमधलं कॉलीव्हिल गाव. थंडीत बाहेर उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला तिथल्या ज्यू धर्मगुरूंनी आत घेतलं, चहा करून दिला. त्यानंच पिस्तूल काढून चौघांना ओलीस धरलं. दहा-अकरा तास. एकाला त्यानं मध्ये सोडलं. उरलेले तिघं बोलता बोलता हळूहळू दाराच्या दिशेनं सरकत राहिले, शेवटी धर्मगुरूंनी खुर्ची फेकून मारली आणि सगळे बाहेर धावले. धर्मगुरू नंतर म्हणाले, की सुरक्षेचं प्रशिक्षण घेतलं होतं म्हणून वाचलो. बाहेर पडायचं दार कुठे आहे आणि ते उघडं आहे, हे त्यांना माहीत होतं.

मामा : म्हणजे तूच माझ्या बाजूची झालीस. प्रशिक्षण.

भाची : प्रशिक्षण हवंच. पण कुणाला? दारावरच्या कंत्राटी गार्डला, जो बारा तास उभा असतो आणि पुढच्या महिन्यात दुसरीकडे जातो? की जो पंचवीस वर्षं तिथे फुलं विकतो, त्याला?

हा प्रश्न मामांना लागला, कारण त्यांनी चांदणी चौकात दिल्ली पोलिसांची ‘आइज अँड इअर्स’ योजना पाहिली आहे. दुकानदार, फेरीवाले, रिक्षावाले यांनाच पोलिसांचे डोळे-कान करायचं, अशी ती कल्पना. बेवारस पिशवी पहिल्यांदा दिसते ती बाहेर बसणाऱ्या माणसाला. उपनिरीक्षक येईपर्यंत उशीर झालेला असतो.

मामा : फुलवाल्याला शिकवता येतं. पण फुलवाल्याला जबाबदार धरता येत नाही. आग लागली तर मुख्य बटण कुणी बंद करायचं? दार कुणी उघडायचं? नाव लागतं, बाई. आमच्याकडे प्रत्येक पहाऱ्याला नाव असतं.

भाची : आता तुम्ही मुळाशी आलात. कालकाजीला हे नावच नव्हतं. तिथे बारीदारी चालते. पुजाऱ्यांची घराणी पाळीपाळीनं देऊळ सांभाळतात, ज्याची बारी त्याची त्या काळातली दानपेटी. ही पद्धत आपल्याकडेही आहे, आपल्या गावांत पाळी म्हणतात. पाळी बदलली की उत्पन्न बदलतं, पण वायर तीच राहते. गळकं छत, उघडी तार, वाटेवर सरकलेलं दुकान, हे कुणाच्याच पाळीत येत नाही. हे वाद दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेले. सप्टेंबर 2021 मध्ये न्यायालयानं निवृत्त न्यायमूर्ती जे. आर. मिढा यांना प्रशासक नेमलं, अतिक्रमणं काढायला सांगितलं, पुनर्विकासाचा आराखडा करायला वास्तुविशारद नेमले.

मामा : आणि तरी 2024 मध्ये मंच कोसळलाच. रांगेत वीजही उतरलीच.

भाची : हो. न्यायालयाचा हुकूम रात्री साडेबारा वाजता रांगेत उभा राहू शकत नाही. तिथे हात लावून कठडा तपासणारा माणूस लागतो.

माझ्या मते सगळ्या वादाचं मर्म इथे आहे. आपली देवस्थानं मालकीवरून शतकभर खटले लढतात. देखभालीची मालकी मात्र कुणी मागत नाही. दानपेटीची किल्ली कुणाकडे, हे गावातल्या पोरालाही माहीत असतं. मागच्या दाराच्या कुलपाची किल्ली कुणाकडे, हे विश्वस्तालाही माहीत नसतं.

मामा : पण लोक ऐकतात का? रांगेत थांबा म्हटलं तर थांबतात?

भाची : थांबतात. आपल्याकडे थांबतात. वारी बघा. दिंड्यांना क्रमांक आहेत, काही रथाच्या पुढे, काही मागे, आणि कुठली दिंडी कुठे चालणार हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. मुक्कामावर समाजआरतीला लाखभर माणसं जमतात, टाळ-मृदंग चालू असतो. चोपदार चोप उंचावतो आणि सगळं शांत होतं. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. मग चोपदार तिथे जाऊन विचारतो, काय झालं? वाटेत कुणी घुसलं, पाणी मिळालं नाही, जे असेल ते सगळ्यांसमोर ऐकलं जातं. तक्रार करायची जागा आहे, ऐकणारा माणूस आहे, त्याच्या हातात काठी आहे पण ती मारायची नाही. दिल्लीतली मराठी मंडळी आषाढीला रामकृष्णपुरमच्या विठ्ठल मंदिरात चालत जातात, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. बंगलासाहिब गुरुद्वाऱ्यात जा. जोडाघरात चपला घेणारा, वाट दाखवणारा, लंगरच्या पंगतीत माणसं बसवणारा, सगळे सेवादार. कुणी ओरडत नाही आणि माणूस पुढे सरकत राहतो.

मामा : चोपदार हा आमच्या भाषेत नियंत्रण कक्ष.

भाची : आणि त्याला सगळे ओळखतात. तुमच्या नियंत्रण कक्षातल्या माणसाला कुणी ओळखत नाही.

मामा : बरं. माझ्या दोन अटी मान्य कर, तुझ्या दोन मी करतो. गाड्या दारापासून लांब, आणि सणाच्या दिवशी पिशवी आत नाही. यावर मी हटणार नाही. लाल किल्ल्याजवळ काय झालं ते बघून तर मुळीच नाही.

भाची : मान्य. पिशव्या ठेवायची जागा दारापासून दूर हवी, म्हणजे तिथेच नवी गर्दी होणार नाही. आणि तपासणारा प्रत्येकाला सारखं तपासेल. बुरखा, दाढी, फाटका सदरा बघून नाही.

मामा : मेट्रोत आम्ही तेच केलं. तुझ्या अटी सांग.

भाची : यायची वाट आणि जायची वाट वेगळी. जायची दारं, देऊळ उघडं असेल तोवर कुलपाशिवाय. दुसरी अट, कागदाची. नॅशनल बिल्डिंग कोड पन्नास किंवा अधिक माणसं जमतात अशा जागांना, धार्मिक जागाही त्यात आल्या, सभागृहाच्या वर्गात धरतो. मंडपांसाठी भारतीय मानक ब्युरोचं वेगळं मानक आहे. मोठ्या जमावासाठी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं 2014 मध्ये मार्गदर्शिका काढली. नवं काही शोधायचं नाही. उत्सवाआधी विजेचं काम परवानाधारक माणसाकडून तपासून घ्यायचं, मंच किती माणसांचा आहे ते त्याच्यावर लिहायचं आणि आत किती माणसं मावतात तो आकडा दारावर लावायचा. तो भरला की रांग बाहेर थांबवायची.

मामा : बाहेर थांबवलेल्यांना पाणी आणि सावली द्यायची. नाही तर ते रेटणारच.

भाची : हे मी विसरले होते.

मला स्वतःला भाचीचं जास्त पटतं. मामांची चौकट एका दिवशी एका हल्लेखोराला अडवेल, आणि तो दिवस आलाच तर तिची किंमत मोजता येणार नाही. ज्यांना ठरवून लक्ष्य केलं जातं त्या लहान समाजांच्या दारावर ती आजच हवी. पण मोठ्या देवळात, दर्ग्यात, गणपतीच्या मंडपात माणूस मरतो तो बहुतेक वेळा आपल्याच निष्काळजीपणानं. त्याचा दोष देवीच्या इच्छेवर किंवा गर्दीच्या बेशिस्तीवर टाकणं मला अधर्म वाटतो. रांगेत गेलेल्या त्या मुलाला कुठल्याही शत्रूनं मारलं नव्हतं.

तुम्ही एखाद्या देवळाचे, मशिदीचे, चर्चचे, गुरुद्वाऱ्याचे किंवा गणेशोत्सव मंडळाचे कारभारी असाल, तर येत्या सणाआधी एका संध्याकाळी विजेचं मुख्य बटण बंद करून गाभाऱ्यापासून रस्त्यापर्यंत चालून बघा. बरोबर एखादी वयस्क बाई आणि एक लहान मूल घ्या. वाटेत जे जे आडवं येईल, ते दुसऱ्या दिवशी हलवा. मागच्या दाराच्या कुलपाची किल्ली ज्याच्याकडे द्याल, त्याचं नाव फळ्यावर लिहा.